फक्कीचं घर

सकाळी ६.१५

मिस्त्री मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवतात. सिमेंटच्या रिकाम्या गोणीची शिवलेली पिशवी. आत शंभर फुटी टेप, खिशात मावणारी पंधरा फुटी पोलादी टेप, नायलॉन दोरीची दोन बंडलं, लोखंडी गुण्या, पितळी ओळंबा, हातोडा आणि गुंडाळलेली पारदर्शक नळी. थापी आणि रंधा आज घरीच राहतात. आज बांधायचं काही नाही. आज आखणी.

मिस्त्रींचं वय बावन्न. पंधराव्या वर्षी बिगारी म्हणून माती टाकायला लागले, उस्तादाच्या हाताखाली गवंडी झाले. अंबडमध्ये रोजानं काम केलं तर त्यांना १,००० रुपये मिळतात. या घराचं काम मात्र मजुरीवर घेतलंय, चौरस फुटाला २८० रुपये. सातशे फुटांचं बांधकाम, म्हणजे १ लाख ९६ हजार. हप्त्यानं मिळणार: जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा. आखणीचे वेगळे पैसे नसतात. तरी या एका दिवसाला ते दुसरं काम घेत नाहीत.

७.००

जालना रोडवर चहा. दहा रुपयांचा कट. दोन माणसं येऊन थांबलेली आहेत. एक पोरगा, रोज ६०० रुपये. एक बाई, चाळिशीच्या, रोज ४००. बाईंच्या हातात भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली. पोरगा समोरच्या दुकानातून वीस किलो फक्कीची गोणी खांद्यावर घेऊन येतो. बाभळीच्या खुंट्या मिस्त्रींनी कालच तासून ठेवल्यात, दीड-दीड फुटाच्या. पडलेल्या फांदीच्या, त्यामुळे फुकट.

७.४०

प्लॉट गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत आहे. तीस बाय पन्नास. पूर्वेला रस्ता, म्हणजे तोंड पूर्वेला. लांबवर मत्स्योदरीची टेकडी आणि वर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेलं देऊळ दिसतं. शेजारच्या प्लॉटवर घर झालेलं, पलीकडच्यावर हरभरा पेरलेला. फेब्रुवारी आहे, सकाळी अजून गारवा.

घर दोन भावांचं. शेती अंबडपासून जवळच, मोसंबीची. २०१२-१३ च्या दुष्काळात बाग वाळून गेली. झाडं तोडून सरपणाला विकली. पुन्हा लावली, पाच-सहा वर्षं पोसली, तेव्हा कुठं आंबे बहाराचे पैसे हातात यायला लागले. प्लॉट त्याच पैशांतून आला. घर आत्ता.

थोरला भाऊ नकाशा घेऊन उभा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला. पंधराशे चौरस फूट म्हणजे १३९ चौरस मीटर. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटची वाट सोपी केलेली आहे. परवानाधारक अभियंत्यानं कागद जोडायचे, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. ती पावतीच परवानगी. ही पावतीही त्याच पिशवीत आहे.

नकाशात घर वीस बाय पस्तीस. पुढं दहा फूट मोकळे, मागं पाच, दोन्ही बाजूंना पाच-पाच.

८.१५

मिस्त्री आधी प्लॉट मोजतात. पुढची बाजू तीस फूट बरोबर. मागची एकोणतीस फूट आठ इंच. थोरल्याचा चेहरा पडतो. चार इंच गेले कुठं?

"कुठं नाही गेले, भाऊ. सगळ्याच प्लॉटात असं असतं. घर गुण्यात घ्यायचं अन् वाकडेपणा बोळात सोडायचा."

म्हणजे घराचे चारही कोपरे काटकोनात राहतील. शेजाऱ्याकडची मोकळी पट्टी मागं जाता जाता थोडी निमुळती होईल. डोळ्याला दिसणार नाही. घर वाकडं झालं तर मात्र फरशी बसवताना शेवटच्या ओळीत पाचर कापावी लागते, आणि ती रोज दिसते.

८.३०

पहिली खुंटी ईशान्येच्या कोपऱ्यात. थोरला नारळ फोडतो. भूमिपूजन मागेच झालंय, हे आपलं हातासरशी. पोरगा हातोड्यानं खुंटी ठोकतो, मिस्त्री वर खिळा मारतात. खिळ्याला दोरी. रस्त्याला समांतर वीस फूट, दुसरी खुंटी.

आता काटकोन. लोखंडी गुण्या दोन फुटांचा. पस्तीस फुटांच्या दोरीला तो पुरत नाही. कोपऱ्यात केसाएवढी चूक झाली तर दुसऱ्या टोकाला ती इंचाची होते. म्हणून टेप. एका दोरीवर नऊ फुटांची खूण, दुसरीवर बारा फुटांची. दोन खुणांमधलं अंतर पंधरा भरलं पाहिजे. तीन-चार-पाचाचा हिशोब, तिप्पट करून. पोरगा टेपचं टोक धरतो, बाई दुसरी दोरी ताणून उभ्या. मिस्त्री गुडघ्यावर बसून वाचतात. "डाव्या अंगाला. अजून. थांब."

चारही खुंट्या लागल्या की कर्ण. एक कर्ण चाळीस फूट साडेचार इंच. दुसरा चाळीस फूट तीन इंच. दीड इंचाचा फरक.

इथं बरेच जण पुढं जातात. पस्तीस फुटांत दीड इंच, कोण बघतंय? मिस्त्री मागच्या दोन्ही खुंट्या उपटायला सांगतात. दीड इंच उत्तरेला. पुन्हा ठोका, पुन्हा खिळा, पुन्हा दोरी. पुन्हा दोन्ही कर्ण. आता दोन्हीकडं चाळीस फूट पावणेचार. पाऊण तास गेला.

बाई म्हणतात, "मिस्त्रीच्या कामावर हात कमी दुखतात, पाय जास्ती."

१०.००

फक्की. पांढरी भुकटी मुठीत घ्यायची आणि दोरीवरून करंगळीकडच्या फटीतून सोडत चालायचं. सोपं दिसतं. पोरगा टाकतो तिथं ढीग पडतो, मग रेघ तुटते. बाई घेतात. वाकून, एका चालीत, पस्तीस फूट सलग. रांगोळीचा हात आहे. त्यांच्या रेघेची जाडी शेवटपर्यंत बदलत नाही. हे काम त्या प्रत्येक आखणीला करतात, आणि रोज त्यांचा ४००.

बाहेरच्या भिंती नऊ इंची, दोन रेघा. आतल्या साडेचार इंची, एक जाड रेघ. नकाशाप्रमाणे पुढं उजवीकडं दहा बाय चौदाचा हॉल. डावीकडं, आग्नेयेला, आठ बाय चौदाचं स्वयंपाकघर. त्यातच मागं तीन फुटांची कोठी. मधे जिना आणि मधली खोली. मागं नैऋत्येला झोपायची खोली, वायव्येला न्हाणी आणि संडास. दाराच्या जागी रेघ तोडलेली. दार ज्या बाजूला उघडणार तिथं मिस्त्री खुंटीला दोरी बांधून तीन फुटांचा अर्धगोल मारतात. हे अर्धगोल फार महत्त्वाचे. कागदावर खोली मोकळी दिसते. दार उघडल्यावर किती उरते ते इथं कळतं.

११.३०

बायका येतात. म्हातारी आई, दोन्ही सुना, तीन पोरं. पोरं रेघांवरून पलीकडं पळतात. म्हातारी ओरडते. मिस्त्री हसून सांगतात, "वैनी, दारातून या. भिंतीतून येऊ नका."

मग खरंच सगळे दारातून येतात. म्हातारी उंबऱ्याच्या जागी क्षणभर थांबते, उजवा पाय आत टाकते. छत नाही, भिंत नाही, पायाखाली ढेकळं. तरी आवाज एकदम खाली येतो सगळ्यांचा. मला हे दर वेळी बघायला आवडतं. कागदावरचा नकाशा पुरुषांनी अभियंत्याच्या टेबलावर पाहिलेला असतो. बायका तो पायानं वाचतात.

थोरली सून स्वयंपाकघरात उभी राहते. दोन हात पसरते. चार पावलं चालते. "ओटा कुठं?"

"पूर्वेला तोंड. खिडकी रस्त्यावर."

इथं म्हातारी बोलते. स्वयंपाकघर रस्त्यावर कसं? जुन्या घरात चूल सगळ्यात मागं. आलं-गेलेलं ढाळजेत बसायचं, बायका माजघरात. फोडणीचा वास रस्त्याला कशाला द्यायचा? पण चूल आग्नेयेला पाहिजे हेही म्हातारीचंच म्हणणं. प्लॉटचं तोंड पूर्वेला, म्हणून आग्नेय पुढंच येते. दोन्ही एकदम होत नाही.

थोरली म्हणते, "मला पुढंच पाहिजे. मागं उभं राहून पंधरा वर्षं झाली. दूधवाला आला, गॅसवाला आला, पोरं शाळंतून आली, मला कळतच नाही. हितून फाटक दिसतंय."

म्हातारी तिच्याकडं बघते. मग फाटकाच्या जागेकडं. "मोठी खिडकी कर," मिस्त्रीला सांगते. एवढ्यावर विषय मिटतो.

ओट्याची उंची. साधारण तेहेतीस इंच सगळीकडं करतात. मिस्त्री शेजारच्या प्लॉटवरून विटा आणायला लावतात. तीन-तीन इंची वीट, अकरा थर रचले की तेहेतीस. थोरली बुटकी आहे. समोर उभी राहते, हवेत पोळी लाटते. खांदे वर उचलले जातात. मिस्त्री एक थर काढतात. पुन्हा लाटते. आता कोपर मोकळं. "कोपराच्या चार बोटं खाली हात पडला पाहिजे. पोळपाटाची उंची वर येती, ती धरत नाही कुणी." तीस इंच. मिस्त्री वहीत लिहितात. धाकटी उंच आहे. ती काही बोलत नाही. तिचं स्वयंपाकघर वर होणार आहे, कधीतरी.

मग सामान मांडणं. फ्रिज अडीच बाय अडीच, फक्कीचा चौकोन. लोखंडी कपाट तीन फूट लांब, दीड फूट खोल. पलंग सहा बाय पाच. झोपायच्या खोलीत पलंग आणि कपाट मांडलं की दाराचा अर्धगोल कपाटाला घासतो. दार दुसऱ्या हाताला फिरवतात. आत्ता त्याला मूठभर फक्की लागते. गिलावा झाल्यावर हेच करायला चौकट उखडावी लागली असती.

म्हातारीची बाज मधल्या खोलीत. तिथून न्हाणी किती पावलं? ती स्वतः चालून बघते. नऊ. "रात्री दिवा कुठं लावायचा?" बटण बाजेवरून हाताला लागेल असं. तेही वहीत.

१.१५

जेवण. शेजारच्या घराच्या सावलीत. भाकरी, पिठलं, ठेचा. घरच्यांनी सगळ्यांसाठी आणलंय. मोसंबीही आहे.

म्हातारी जुन्या घराचं बोलते. जुन्या अंबडात, माळवदाचं. होळकरांच्या काळातल्या बारवेपासून फार लांब नाही. दारातून आत आलं की ढाळज, मग चौक, मग माजघर, भिंतीत बळद. पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकायची, चोपायची. तरी गळायचं. वाटण्या होत होत यांच्या वाट्याला चौदा फुटांची पट्टी आली. ढाळज चुलत्याकडं गेली. तेव्हापासून पाहुणा आला की बाहेर खुर्ची टाकतात.

मिस्त्रींना उस्ताद आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, दोन्ही झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं बावन्न गावं नव्या जागेवर वसवली, तेव्हा उस्ताद तिकडं कामाला गेला होता. घरं तीन मापांची: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. जमीन किती त्यावर माप. रस्ते सरळ, घरं ओळीनं. "उस्ताद म्हणायचा, घर मजबूत होतं, पण माणसाला इचारलं नव्हतं चूल कुठं पाहिजे. लोकांनी मग पत्र्याचं शेड टाकून चुली बाहेर मांडल्या." मिस्त्री आखणीच्या दिवशी घरातल्या बायकांना बोलावतातच, त्याचं मूळ तिथं आहे.

फक्की टाकणाऱ्या बाईंचंही घर झालंय, प्रधानमंत्री आवास योजनेतून. तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे फूट. अनुदान अडीच लाख, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. वाळूला पैसे नव्हते म्हणून जोत्यावर काम थांबलं होतं. आखणी त्यांनी स्वतः केली. एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी. "खिडकी मी दोन ठेवल्या. एक तर सगळेच ठेवतेत."

२.१५

जिना. सकाळपासून सगळे त्याच्याभोवती फिरत होते.

नकाशात जिना घरात आहे. पहिली पायरी मधल्या खोलीत उतरते. धाकट्याच्या मनात तो बाहेर, दक्षिणेच्या बोळात. मिस्त्री नाही म्हणतात; ती पाच फुटांची पट्टी मंजूर नकाशात मोकळी आहे, तिथं बांधकाम चालणार नाही.

धाकटा म्हणतो, "मग वर मजला झाल्यावर आम्ही काय रोज मायच्या बाजेपासून वर जायचं? पाहुणे आले तरी?"

थोरला गप्प. म्हातारी म्हणते, "जायचं की. काय झालं?"

धाकटी पहिल्यांदा बोलते, सासूकडं न बघता. "उद्या वरचं येगळं मीटर घ्यायचं म्हणलं तर दार बाहेरून लागतंय म्हणे."

कुणी काही बोलत नाही. मीटर हा शब्द सगळ्यांना कळलेला असतो.

मिस्त्री मधे पडत नाहीत. काडी उचलतात आणि जमिनीवर हिशोब मांडतात. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. सात इंचांची एक उंची, अठरा उंच्या. नऊ चढायच्या, वळायचं, नऊ चढायच्या. पाऊल दहा इंच. एका बाजूला आठ पावलं, सहा फूट आठ इंच. लँडिंग तीन फूट. झाले नऊ फूट आठ इंच. रुंदी तीन अधिक तीन, मधे तीन इंच फट. एवढी जागा तो खाणारच, कुठंही ठेवा.

"आता बघा. जिना दक्षिणेच्या भिंतीला लावायचा. पहिल्या पायरीपुढं तीन फूट उभं राहायला जागा सोडायची. त्या जागेला दोन दारं. एक बोळात, एक मधल्या खोलीत. बाहेरून यायचं त्यानं बाहेरून यावं. घरातल्यानं घरातून."

"अन् ते तीन फूट?"

"हॉलातून."

चौदाचा हॉल अकराचा होणार. स्वयंपाकघरही अकराचं, कोठी गेली. तीन फूट जातात ते थोरल्याच्या वापरातले. मिस्त्री हे आवाज न चढवता, न उतरवता सांगतात. माझ्या मते दिवसभरातलं हे सगळ्यात अवघड काम, आणि त्याला पिशवीत कुठलंच हत्यार नव्हतं.

थोरला हॉलमध्ये जाऊन उभा राहतो. भिंत जिथं येईल तिथं जाऊन वळतो. दहा बाय अकरा. त्याला पाहुणे बसवायचे आहेत. ढाळज गेल्यापासून ती हौस आहे. बायकोकडं बघतो. ती म्हणते, "माझी कोठी कुठं?"

"जिन्याखाली," मिस्त्री म्हणतात. "लँडिंग सव्वापाच फुटावर. जाडी वजा करा, चार फूट दहा इंच खाली मिळतेत. धान्याच्या कोठ्या बसतेत. वाकून जावं लागंल."

"मला नाही वाकावं लागायचं एवढं."

म्हातारीचा प्रश्न वेगळाच आहे. पापड-कुरडया वाळवायला गच्चीवर जाताना ती कुठल्या दारानं जाणार? आतल्या. बाहेरच्या दाराला कुलूप कोणाचं? धाकटा म्हणतो, "दोन चाव्या करू." म्हातारी विचार करते. "तीन कर."

४.००

रेघा मोडायच्या. बाई खराट्यानं फक्की झाडतात, पोरगा पायानं माती फिरवतो. मिस्त्री अभियंत्याला फोन लावतात. घर फ्रेमचं, बारा कॉलम. मधल्या एका ओळीतले तीन कॉलम तीन फूट पुढं सरकणार. बीमचे गाळे बदलतात, म्हणून नुसतं सरकवून चालत नाही. अभियंता मापं लिहून घेतो. बाहेरच्या भिंतीला हात लावू नका, आतला बदल सुधारित नकाशात दाखवू, गजाचं सांगतो. वीस मिनिटांनी त्याचा फोन येतो. हरकत नाही, एका बीमला खालून एक गज वाढवा. मिस्त्री वहीत लिहून परत वाचून दाखवतात.

पुन्हा दोरी, पुन्हा बाईंची रेघ. बारा चौकोन, चार बाय चार फुटांचे. प्रत्येकाच्या मधोमध खुंटी.

४.४५

पातळी. नळीत पाणी भरतात, बुडबुडे अंगठ्यानं टिचकी मारून काढतात. बुडबुडा राहिला तर पातळी खोटी सांगते. एक टोक शेजारच्या जोत्याशी, दुसरं आपल्या खुंटीशी. पाणी थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही.

जोतं रस्त्यापासून अडीच फूट. थोरल्याला दोन पुरेल असं वाटतं. अर्धा फूट भराव म्हणजे मुरमाचा खर्च. मिस्त्री समोरच्या जुन्या घराकडं बोट करतात. तिथं उंबरा रस्त्याच्या बरोबरीला आलाय. रस्ता दर वेळी जुन्यावरच नवा टाकतात, घर तिथंच राहतं. पहिल्या पावसाचं पाणी मग विचारत नाही. अडीच ठरतं.

बोअर पुढच्या कोपऱ्यात, संडासाची टाकी मागच्या कोपऱ्यात. पन्नास फुटांच्या प्लॉटवर याहून लांब नेता येत नाही.

५.३०

जेसीबीवाल्याला फोन. तासाला १,२००. बारा खड्डे, चार तास धरा. खोली पाच फूट, पण आकडा मुरमावर. वरचा थर काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत तिच्यासोबत हलते. शेजाऱ्याला साडेचार फुटांवर मुरूम लागला होता. "लागला नाही तर अजून खाली जायचं. तळ हातानं साफ करायचा. काळ्यात पाया टाकायचा नाही."

पोरग्याला ६००. बाईंना ४००. थोरला बाईंना शंभर रुपये वर देतो, रेघेचे. मिस्त्रींना दहा हजार उचल, वहीत दोघांच्या सह्या.

६.१०

गज जालन्याहून येणार. पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर कारखाने, त्यामुळे भाडं कमी पडतं. मिस्त्री मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून मोजतात. बारा कॉलम, प्रत्येकात बारा एमएमचे सहा गज. बहात्तर. खड्ड्यापासून स्लॅबपर्यंत, खालच्या वळणासकट, एकेक साधारण अठरा फूट.

"चाळीस फुटी गजाचे दोन तुकडे केले की वीस-वीस होतेत," ते म्हणतात. "दोन-दोन फूट उरतेत."

"कापायचे?" धाकटा विचारतो.

"कापायचे कशाला? वर सोडायचे. मजल्याला जोड लागंल."

छत्तीस गज. एक गज दहा किलो सहाशे साठ ग्रॅम. तीनशे चौऱ्याऐंशी किलो. अठ्ठावन्नचा भाव सकाळी विचारलाय. बावीस हजार दोनशे बहात्तर, फक्त कॉलमचे. थोरला आकड्याखाली रेघ मारतो आणि जालन्याला फोन लावतो. दुकानदार परवा दुपारपर्यंत टेम्पो पाठवायला तयार आहे. मिस्त्री हातानं खूण करतात आणि हळूच म्हणतात, "भाडं त्याच्याकडं का आपल्याकडं, ते आधी इचारा."